बसायची गाडी

तुळजाबाई जीपमधून उतरल्या तेव्हा पुंजाराम सुताराच्या अंगणात बैलांच्या शर्यतीचे दहा-बारा शौकीन आधीच ठाण मांडून बसले होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही त्या यायला नको होत्या.

सगुणाबाईनं हे चुलीपासून पाहिलं. चुलीवर जवसाचं तेल होतं. नव्या छकड्याला शेवटचा हात द्यायचा तर तेल कोमट लागतं; जास्त तापलं तर लाकूड काळवंडतं, कमी तापलं तर ते तेल पीत नाही. पुंजारामचं लाकूड आणि सगुणाबाईचं तेल, असं हे चाळीस वर्षं चाललं होतं. त्यांच्या टेंभुर्णी गावातून बाहेर पडलेल्या प्रत्येक छकड्याचं तेल तिच्या चुलीवर तापलं होतं. पण ते भांडं ओट्याच्या कडेला ठेवायचं आणि मागं सरायचं, एवढीच तिची हद्द. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणाऱ्या गाडीला बाईमाणसाचा हात लागू द्यायचा नाही, असा शौकिनांचा नेम होता. लाकूड आलं त्या दिवसापासून गाडी दाराबाहेर पडेपर्यंत तिनं जू ओलांडायचं नाही, दांडीला टेकायचं नाही. बसणं तर दूरच राहिलं. अंगण झाडतानासुद्धा ती छकड्याभोवती हातभर जागा सोडून झाडायची, आणि तेवढा उरलेला केर तिचा दीर रखमाजी काढायचा. चाळीस वर्षं तिच्या अंगणात तिचा झाडू जात नव्हता अशी ती हातभर जागा होती.

आज त्या जागेत उभा होता तो छकडा सर्जेराव पाटलांचा. शिवरात्रीच्या पटाला नव्या गाडीत बैल जुंपायचे म्हणून पाटील बैल घेऊन ती न्यायला आले होते. एकटे यायचं सोडून सगळं गणगोत घेऊन आले होते, कारण गाडी हे निमित्त होतं. खरं काम वेगळंच होतं.

आठ दिवसांपूर्वी निरोप आला होता. अंकुशनगरकडच्या एका बड्या बागाईतदाराच्या आईला, म्हणजे याच तुळजाबाईंना, दमणी पाहिजे होती, आणि ती पुंजाराम मिस्तरीच्याच हातची पाहिजे होती. दमणी म्हणजे बसायची गाडी. वर छत, आत गादी, टेकायला पाठ, खाली धक्के सोसायला कमानीचे पाटे, आणि आता नव्या चालीप्रमाणं रबरी चाकं. अशा दमण्या करणारे सुतार जालन्यात पैशाला पासरी होते. पटाचा छकडा करणारा पुंजाराम मात्र एकच. वाऱ्यासारखी हलकी गाडी, हाकणाऱ्या धुरकऱ्यानं कसंबसं बूड टेकवावं एवढी एक फळी, आणि बाकी सगळी पळायची तयारी. त्या हातानं आता म्हाताऱ्या बायांसाठी गाद्यागिरद्यांची गाडी करायची?

झालं, जाफराबादपासून भोकरदनपर्यंतचे शौकीन पिसाळले. कुणी म्हणालं, पुंजाराम थकला. कुणी म्हणालं, पोरानं भरीला घातलं. पिंपळगाव रेणुकाईच्या एका शौकिनानं तर दमणीचं ऐकून दोन दिवस जेवण सोडलं म्हणे. तो मूळव्याधीनं तसाही जेवत नव्हता, पण नाव दमणीचं झालं.

आणि ज्याच्यावरून हे रान पेटलं होतं तो पुंजाराम आठ दिवस हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. या आठ दिवसांत सगुणाबाईची झोप उडाली होती. त्यानं हो म्हणावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि हे सांगायची सोय तिला कुणापाशीच नव्हती.

"बसा, आजीबाय," सर्जेराव पाटील घोंगडीवरची जागा न सोडता म्हणाले. "पण आधीच सांगून ठेवतो, ह्या दारात बसायच्या गाड्या होत न्हाईत."

तुळजाबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. कपाळ मोकळं, अंगावर इरकली लुगडं, आणि नजर अशी की समोरच्यानं आपण होऊन बाजूला व्हावं. त्या ओट्यावर टेकल्या.

"म्या तुमच्याकडं न्हाई आले, पाटील. मिस्तरीकडं आले. मिस्तरी बोलतील."

पुंजाराम चिंधी तेलात बुडवून छकड्याच्या दांडीवर फिरवत राहिला. माणसं जमली की त्याला असंच काहीतरी हातात लागायचं.

शेवटी शिवाजीच पुढं झाला. सगुणाबाईचा हा थोरला. सुतारकीचं वाकस-किंकरं सोडून जालन्याला एका मोटार गॅरेजात लागला होता, आणि शनिवारी घरी आला की त्याच्या कपड्यांना येणाऱ्या ऑइलच्या वासानं पुंजाराम तोंड फिरवायचा. दमणीचा निरोप त्याच्याच ओळखीतून आला होता.

"करू की, आजी. जुन्या जीपचे पाटे म्या आणतो. वर दादांचं लाकूड. अशी गाडी साऱ्या मुलखात व्हायची न्हाई."

"तू मधी बोलू नको," पाटील म्हणाले. "मोटारीखाली निजणाऱ्याला पटातलं काय कळतं?"

"मोटारीचंच सांगतो, मंग तर झालं? आमच्या मालकाकडं इंग्रजी मासिक येतं. तिकडं इटलीत, विलायतेत शर्यतीच्या मोटारी करणाऱ्या कंपन्या हायेत. दोन माणसं बसली की तिसऱ्याला जागा न्हाई, अशा मोटारी. त्या कंपन्या आता चार दरवाजांच्या, मऊ गाद्यांच्या मोटारी करून राह्यल्यात. मागच्या सीटवर शेठ-शेठाणी आरामात बसून जातात."

"खोटं."

"फोटो छापून आल्ता, पाटील. मालकानं वाचून दाखवलं."

अंगणात जरा चुळबुळ झाली. पाटलांचा धुरकरी कचरू इतका वेळ मागं उकिडवा बसला होता. पटात बैल हाकताना त्याचा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा, पण एरवी तो हळूच बोलायचा. त्यानं विचारलं, "मंग तिकडचे शौकीन काय म्हणले?"

शिवाजीची इथं पंचाईत झाली. पोरगं खोटं बोलणारं नव्हतं. "चिडले," तो म्हणाला. "लई पत्रं छापलीत त्याच्यात. एक जण म्हणतो, माझ्या बापानं तुमची गाडी पळवली, म्या पळवली, आन आता तुमी शेठाणीला मिरवायच्या गाड्या करता. ह्याच्यापुढं तुमचं तोंड पाहणार न्हाई."

"बघा!" पाटलांनी मांडीवर थाप मारली. "तिकडंबी शहाणी माणसं हायेत." आणि मग खरोखरच्या आपुलकीनं त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"कोणाचं?"

"पत्र लिहिणाऱ्याचं."

"आता गोऱ्याचं नाव म्या कुठं ध्यानात ठेवू?"

"ठेवायचं होतं," पाटील म्हणाले. सात समुद्रापलीकडं आपल्यासारखाच जळणारा एक माणूस आहे, हे ऐकून त्यांचा चेहरा हळवा झाला होता. सगुणाबाईला हसू आलं, पण ते तिनं पदरात दाबलं. सर्जेराव पाटील वाईट माणूस नव्हता. बैल आणि छकडा यांच्यापुढं त्याला जग दिसत नव्हतं, एवढंच.

"पण त्या मोटारी खपतात, पाटील," शिवाजी म्हणाला. "आन त्या खपतात म्हणून शर्यतीच्याबी होऊन राह्यल्यात. एकीच्या जिवावर दुसरी."

यावर रखमाजी खाकरला. काल संध्याकाळपर्यंत पुंजारामचा हा धाकटा भाऊ शौकिनांच्या बाजूचा होता; दमणी केली तर मी चाकाला हात लावणार नाही, असं त्यानं पुतण्याला तोंडावर सांगितलं होतं. आता तो जमिनीकडं पाहत म्हणाला, "दादा, पोरगं न्हाई म्हणलं तरी बराबर बोलून राह्यलं. आधी सालाला बारा छकडे व्हायचे आपले. अवंदा तीन झाले. ज्याला त्याला टायरची गाडी पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी बैल काढले ते पुन्हा तसे बांधलेच न्हाईत."

"रखमाजी, तूबी?" पाटलांना हे खरंच लागलं.

"मला हौस न्हाई, पाटील. पण नुसतं वाकस घासत बसून दिवस जात न्हाई."

आता सगळ्यांच्या नजरा पुंजारामकडं गेल्या. त्यानं चिंधी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि तो तुळजाबाईंच्या समोर येऊन खाली बसला.

"आजी, तुमी एवढ्या लांबून आल्या. खोटं न्हाई बोलत. माझ्या हाताला हलकं करायची खोड हाय. लाकूड समोर आलं की त्याच्यातून काय काढून टाकायचं तेच मला दिसतं. दमणीचं उलटं असतं, तिच्यात घालीत जावं लागतं. गादी घाला, पाठ घाला, छत घाला. माणूस बसंल कसा, टेकंल कसा, ह्याचा म्या जल्मात इचार केला न्हाई. मला न्हाई जमायचं. दुसरा चांगला सुतार सांगतो तुमाला."

शौकिनांमधून समाधानाचा सुस्कारा उठला. कुणीतरी चंची सोडली. आणि चुलीपाशी सगुणाबाईला एकदम थकल्यासारखं झालं.

तिची गोष्ट एवढीशी होती. लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या, पिंपळगावच्या बायका तिला म्हणाल्या होत्या, पोरी, मजा आहे तुझी, गाड्या करणाऱ्याच्या घरी पडलीस, आता माहेरी येशील ती गाडीतूनच. तिला ते खरं वाटलं होतं. सासरी आल्यावर कळलं की इथं गाड्या होतात त्या सगळ्या दुसऱ्यांच्या, आणि त्यातही बाईनं हात लावायचा नाही अशा. घरची गाडी कधी झालीच नाही. ती माहेरी गेली ती कधी कुणाच्या कडब्याच्या गाडीत मागं लटकून, कधी पायी, आणि सडक झाल्यावर एसटीनं. आई उंबऱ्यात उभी राहून दर खेपेला विचारायची, "जावयाच्या गाडीत आलीस का गं?" आणि ती म्हणायची, "अवंदा काम लई होतं, पुढच्या साली." असं पुढचं साल करता करता आई गेली. आता माहेरी जायचंही कारण उरलं नव्हतं. तरी छकडा तयार होऊन उन्हात उभा राहिला की तिच्या मनात यायचं. एकदा बसावं, त्याच्या हातची गाडी अंगाखाली कशी लागते ते कळावं, एवढंच. ज्या माणसाशी जन्म काढला त्याचं सगळ्यात चांगलं ते तिनं कायम हातभर लांबून पाहिलं होतं.

तुळजाबाई उठल्या नाहीत.

"मिस्तरी," त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांनी तुमच्याकडून तीन गाड्या नेल्या. आठवतं?"

"आठवतं की. तिसरीला बाभळीचा कणा होता."

"असंल. मला कुठं माहीत? त्या गाड्या माझ्याच दारात उभ्या असायच्या आन म्या माडीवरून पाहायचे. एवढं देखणं काम घरात, पण हात न्हाई लावू दिला कोणी. मालक पट मारून आले की साऱ्या गावाला पेढे. म्या ओवाळायचे ते बैलांना. मालक गेले, पोरानं बैल काढले, गाडी कोणाला तरी देऊन टाकली. आता पोराकडं जीप हाय, मोटार हाय, मला त्याच्यात मळमळतं. सांगितलं पोराला, मला एकदा त्या मिस्तरीच्या हातच्या गाडीत बसून मळ्यापर्यंत जायचंय. दुसऱ्या सुताराची मला काय करायची?"

सगुणाबाईच्या हातातली पळी तेलात तशीच राहिली. तिच्या पोटातलं कुणीतरी भर अंगणात, दहा पुरुषांसमोर, सरळ आवाजात बोललं होतं. तिला बरं वाटलं आणि त्याच क्षणी हेवाही वाटला. ही बाई मागू शकते. हिच्याकडं मागायला मळा आहे, जीप आहे, ऐकणारा मुलगा आहे.

"बाईमाणसानं असलं मनात आणू न्हाई," पाटील म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा उतरला होता.

तुळजाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर चुलीकडं वळली. "तुमी तर मिस्तरीच्या घरच्या. बाहेरच्याचे नेम घरच्याला थोडेच लागतात? तुमी बसल्या असाल की कव्हातरी. कशी असती हो बसायला?"

सगुणाबाईला दिसलं की नवऱ्यानं मान खाली घातली आहे. त्याचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता, तो आता आला होता, आणि तोही चारचौघांत. नाही म्हणावं तर ही म्हातारी उद्या अंबडपर्यंत सांगत जाईल, की त्या नामी सुतारानं स्वतःच्या बायकोला एकदा गाडीत बसवलं नाही. सगुणाबाईला ते सोसणार नव्हतं. स्वतःचं दुःख सोसत होतं, त्याची नाचक्की सोसणार नव्हती.

"बसले की," ती म्हणाली.

"काय म्हणल्या, वैनी?" पाटील अर्धे उठले.

"बसले म्हणलं."

"कोणत्या गाडीत?"

इथं सावरता आलं असतं. लग्नाआधीची कुठली तरी, ओझ्याची होती, मोडली, असं काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण पहिलं खोटं तोंडातून गेलं तशी तिला एकदम मोकळी हवा लागली. इतक्या वर्षांची इच्छा होती, ती नुसती बोलून का होईना, पुरी होत होती.

"सगळ्याच," ती म्हणाली. "दारातून जायच्या आधी. पहाटंच्याला हे नदीवर गेले की घटकाभर बसायचे आन उतरायचे."

कुणाच्या तरी हातातला चुना तसाच राहिला. कचरू बोटं मोजायला लागला. "म्हणजे राजूरचा पट मारला ती गाडी?"

"तीबी."

"आन जाफराबादला आपण पाच जोड्या मागं टाकल्या ती?"

"तीबी."

"पाटील," कचरू विचारात पडून म्हणाला, "मंग बाई बसूनबी गाड्या पळाल्याच की."

"गप बस, कचरू!" पाटील ओरडले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. वीस वर्षं ज्या गाड्यांपुढं नारळ फोडले, ज्यांची धूळ कपाळाला लावली, त्या सगळ्यांत एक बाई आधीच बसून गेली होती. ते पुंजारामसमोर जाऊन उभे राहिले. "पुंजाराम, वैनी थट्टा करून राह्यल्या. तू फक्त एवढं म्हण, की ती खोटं बोलली. म्या आत्ता बैल जुंपतो, गाडी नेतो, विषय संपला. न्हाईतर ही गाडी मला चालत न्हाई. आन पुढंबी म्या तुझ्या दारात यायचो न्हाई. कोणीच यायचं न्हाई."

शिवाजीनं आईकडं पाहिलं. रखमाजीनं भावाकडं पाहिलं. तो चाळीस वर्षं त्या गोलातला केर काढत आला होता आणि त्याला यातलं अक्षर खरं वाटत नव्हतं. "दादा, म्हण ना," तो हलकेच म्हणाला. "वैनी बोलून गेल्या असतील."

क्षणभराच्या सुखापायी आपण केवढं करून बसलो, हे तिला आता कळलं. म्हणा, ती मनातल्या मनात त्याला विनवत होती. खोटं बोलली म्हणा. मला चार शिव्या द्या, पण म्हणा.

पुंजारामनं मान वर केली आणि तिच्याकडं पाहिलं. असं तो लाकडाकडं पाहायचा, घाई न करता.

"पाटील," तो म्हणाला, "माझी बायको खोटं बोलत न्हाई."

मग फार काही झालं नाही. शौकीन एकेक करून उठले. पाटील मात्र जाताना छकड्यापाशी थांबले. दांडीवरून त्यांनी सावकाश हात फिरवला, तेल अजून ओलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. "अशी गाडी पुन्हा व्हायची न्हाई रे," ते म्हणाले आणि बैल हातानं ओढत दाराबाहेर पडले. इतक्या वर्षांत पाटील त्या दारातून कधी रिकामे गेले नव्हते.

"किती जण बसणार?" पुंजारामनं तुळजाबाईंना विचारलं.

"म्या आन माझी नात."

"आखाजीच्या सणापर्यंत देतो."

तुळजाबाईंनी ओट्यावर नारळ आणि खण ठेवला. जाताना त्या सगुणाबाईपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "भाग्याच्या हो तुमी." सगुणाबाईला वर पाहता आलं नाही.

जीप गेली. शिवाजी आणि रखमाजी जुन्या पाट्यांचं बोलत कोपऱ्यावरच्या लोहाराकडं गेले. काल एकमेकांचं तोंड न पाहणारे काका-पुतणे आज खांद्याला खांदा लावून चालले होते. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. पुंजाराम चुलीपाशी आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं ते तिनं लग्नानंतरच्या एक-दोन वर्षांत पाहिलं होतं, पुढं नाही.

"शिवाची माय," तो म्हणाला, "एक इचारू?"

"इचारा."

"कशी वाटली?"

"काय?"

"गाडी. बसायला." तो जरा पुढं सरकला. "पळवणारे येऊन सांगतात, पळाली कशी, वळली कशी. त्यांना तेवढंच कळतं. आपल्या माणसानं सांगितलेलं म्या कव्हा ऐकलंच न्हाई. तू एवढ्या साऱ्यांत बसली, मला बोलली न्हाईस, ते जाऊ दे. पण आता सांग. फळी टोचती का? मागं तोल जातो का? कोणती चांगली होती?"

सगुणाबाईनं तोंड उघडलं. सांगायला तिच्यापाशी काहीही नव्हतं. दहा पुरुषांसमोर सरसर बोलता आलेलं खोटं या एका माणसासमोर पुढं सरकेना.

"मला काय ठावं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "म्या बसलेच न्हाई कव्हा."

चुलीतलं एक लाकूड खाली सरकलं. त्यानं ते पुन्हा आत सारलं.

"एकाबी गाडीत न्हाई?"

"हातसुदीक लावला न्हाई कव्हा."

ती वाट पाहत राहिली. पाटील गेले, शौकीन गेले, त्याचं नाव गेलं, आणि कशापायी, तर बायकोच्या एका खोट्यापायी. आता तो ओरडेल, निदान उठून जाईल. पदरानं नाक पुसून ती म्हणाली, "मंघाशी म्हणायचं होतं तुमी. खोटं बोलली म्हणायचं होतं."

"मला खरं वाटलं," पुंजाराम म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "खरं असतं तर बरं झालं असतं."

मग तो उठला. छकड्यापाशी गेला, दांडी वर उचलून तिच्याखाली टेकू दिला, मागं दोन दगड लावले, आणि खांद्यावरच्या उपरण्यानं ती एवढीशी फळी पुसली.

"ये," तो म्हणाला.

ती उठली. न झाडलेल्या जागेत पहिला पाय टाकताना तिला उगीचच दाराकडं पाहावंसं वाटलं. दारात कुणी नव्हतं. तिनं गाडीच्या कडेवर हात ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं आणि उन्हानं कोमट झालं होतं. लोकांनी या कामाची एवढी वाखाणणी का केली, ते तिला हातालाच कळलं. तिनं लुगड्याचा घोळ आवरला, डावा पाय उचलला आणि चाकाच्या आऱ्यावर ठेवला. तिथून वर जायचं तर उजव्या पायानं उडी मारावी लागते. धुरकरी तशीच मारतात. सगुणाबाईनं जोर केला, पण गुडघ्यात कळ आली आणि अंग जागचं हललं नाही. पुंजारामनं कोपराला हात दिला. तिनं पुन्हा जोर केला. फळी तिच्या छातीशी होती, आणि तिथंच राहिली.

"वीस सालांपूर्वी म्हणला असता," ती हसत म्हणाली, "तर टुणकन् बसले असते." मग तिचं हसू मध्येच मोडलं.

"उचलू का? रखमाजीला बोलावतो."

"नको. ओझ्यासारखं न्हाई चढायचं मला."

तिचा हात सोडून तो तिच्या पायाशी खाली बसला आणि आऱ्यावर टेकलेल्या तिच्या पावलाकडं पाहत राहिला. नंतर त्यानं कानामागचा खडू काढला.

"हलू नको," तो म्हणाला. तिच्या पावलाखाली, बरोबर टाचेच्या अंगाला, त्यानं आऱ्यावर रेघ मारली. मग जमिनीपासून त्या रेघेपर्यंत वीत टाकली, वर चार बोटं धरली, आणि तोंडातल्या तोंडात आकडा घोकला. "पायरी इथं पाहिजे. ह्याच्या वर न्हाई जमत. आजीचाबी इतकाच जाईल पाय."

ती पायरी तुळजाबाईंच्या गाडीला लागणार होती आणि ती गाडी आखाजीला अंकुशनगरकडं जाणार होती, हे सगुणाबाईला समजत होतं. पुंजाराम माप घोकत वखारीकडं लाकूड काढायला गेला. ती मात्र एक हात कोमट लाकडावर ठेवून तशीच उभी राहिली. माप घेऊन झालं होतं, तरी तिनं पाय खाली घेतला नाही.